पाद्र्याचें काळें द्राक्ष

शहरांचीं नांवें राज्यकर्त्यांच्या इच्छेनें बदलतात. फळांचीं नांवें सहसा बदलत नाहींत. राज्य पालटलें कीं नवा अंमलदार वेशीवरील पाटी उतरवितो, नकाशावर नवें नांव घालतो आणि दप्तरांत तशी नोंद करितो. परंतु बाजारांत टोपली घेऊन बसलेली बाई आपलें फळ काल ज्या नांवानें विकीत होती त्याच नांवानें आजहि विकते. यामुळें कधीं कधीं असें घडतें कीं, जी गोष्ट सरकारी दप्तरांतून खोडली गेली ती एखाद्या फळाच्या नांवांत शिल्लक राहते. तुर्कस्तानच्या युरोपांतील भागांत पिकणाऱ्या एका काळ्या द्राक्षाची हकीकत अशीच आहे.

मद्याचा विषय निघाला म्हणजे आपल्याकडील सुशिक्षित घरांत थोडा संकोच उत्पन्न होतो, आणि तो अकारण असतो असेंहि नाहीं. मद्यपानाची शिफारस करणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु नव्हे. परंतु ज्या देशांत मद्य हें धर्मविधीचें साधन, शेतकऱ्याचें पीक आणि सरकारचें उत्पन्न अशा तिन्ही नात्यांनीं वावरत आलें, त्या देशाचा इतिहास मद्य वगळून लिहितां येत नाहीं. शिवाय या द्राक्षाच्या हकीकतींत मद्य न पिणाऱ्यांचाहि वाटा आहे, हें पुढें दिसून येईल.

इस्तंबूलहून वायव्येस बल्गेरियाच्या सरहद्दीकडे निघालें म्हणजे इस्त्रांजा नांवाच्या डोंगराच्या दक्षिणेकडील उतारावर किर्कलारेली हें शहर लागतें. प्राचीन काळीं ज्या प्रदेशास थ्रेस म्हणत त्याचा हा पूर्वभाग होय. येथील ग्रीक रहिवासी या शहरास ‘सारांता एक्लिसियेस’, म्हणजे ‘चाळीस चर्चें’ असें म्हणत. तुर्कांनीं त्याचेंच भाषांतर करून ‘किर्ककिलिसे’ हें नांव चालविलें. ‘किर्क’ म्हणजे चाळीस आणि ‘किलिसे’ म्हणजे चर्च. बल्गेरियन लोक मात्र त्यास ‘लोझेनग्राद’, म्हणजे ‘द्राक्षवेलींचें नगर’ म्हणत. एकच शहर, पण एकास तेथील चर्चें आठवत आणि दुसऱ्यास द्राक्षांचे मळे. १९२४ सालीं नव्या तुर्की प्रजासत्ताकानें ‘किर्ककिलिसे’ बदलून ‘किर्कलारेली’ हें नांव ठेविलें. चाळीस हा आंकडा राहिला, चर्च गेलें.

याच शहराच्या आसपास जें काळें द्राक्ष पिकतें त्याचें नांव ‘पापाझकारासी’. ‘पापाझ’ हा शब्द ग्रीक भाषेंतून तुर्कींत आला, जसा आपला ‘पाद्री’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला; दोहोंचा अर्थ एकच. ‘कारा’ म्हणजे काळा. काराकोरम पर्वताच्या नांवांत हाच शब्द आहे. तेव्हां पापाझकारासी म्हणजे ‘पाद्र्याचें काळें’. ग्रीक ख्रिस्ती संप्रदायांत प्रभुभोजनाच्या विधीस तांबडें मद्य लागतें. त्यामुळें जेथें चर्च तेथें पाद्री, आणि जेथें पाद्री तेथें काळ्या द्राक्षाचा मळा, असा सहज संबंध होता. शहराच्या नांवांतून चर्च काढून टाकणाऱ्या सरकारास द्राक्षाच्या नांवांतील पाद्री काढण्याची आठवण झाली नाहीं, किंवा त्याची जरूरी वाटली नाहीं. आज तेथील मुसलमान शेतकरी हेंच नांव उच्चारीत आपलें पीक विकतो.

या प्रदेशाचा मद्याशीं संबंध फार जुना आहे. आशियाखंडांतील तुर्कस्तानांत इव्रीझ येथें इसवी सनापूर्वींच्या आठव्या शतकांतील एक भव्य शिल्प खडकावर कोरलेलें आहे. त्यांत तार्हुन्झा या मेघदेवाच्या हातीं द्राक्षांचे घोस आणि धान्याचीं कणसें दाखविलीं आहेत. थ्रेसविषयीं होमरची साक्ष आहे. ट्रॉयपुढें तळ देऊन बसलेल्या ग्रीक सैन्यास थ्रेसहून दररोज जहाजांनीं मद्य येत असल्याचा उल्लेख ‘इलियड’मध्यें आढळतो, आणि ‘ओडिसी’मध्यें ज्या तांबड्या मद्यानें ओडिस्यूस एकाक्ष राक्षसास गुंगवितो तें त्यास थ्रेसच्या किनाऱ्यावरील मारोन नांवाच्या पुजाऱ्यानें दिलेलें असतें. तें इतकें कडक कीं त्यांत वीसपट पाणी मिसळावें लागे. मारोनचें द्राक्ष आणि आजचें पापाझकारासी हीं एकच असें म्हणणें धाडसाचें होईल. परंतु पुजारी आणि तांबडें मद्य ही जोडी या भूमींत ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे एवढें खास. आपल्या कौटिलीय अर्थशास्त्रांत द्राक्षमद्याचे ‘कापिशायन’ आणि ‘हारहूरक’ असे प्रकार सांगितले आहेत. तीं नांवें देशांवरून पडलीं. थ्रेसमधील या द्राक्षाचें नांव मात्र देशावरून न पडतां माणसावरून पडलें, आणि म्हणूनच त्यास निराळें महत्त्व आहे.

चौदाव्या शतकांत उस्मानी तुर्कांनीं थ्रेस जिंकलें. त्यांच्या धर्मांत मद्य निषिद्ध. परंतु ख्रिस्ती व यहुदी प्रजेस तें करण्याची मुभा असे आणि त्यावर सरकार कर घेई. या व्यवस्थेंत निषेध आणि उत्पन्न हीं दोन्ही शेजारीं शेजारीं नांदत. सुलतानांचीं उदाहरणें तर प्रसिद्धच आहेत. दुसरा सेलीम (राज्यकाल १५६६-१५७४) इतिहासांत ‘दारुडा सेलीम’ या नांवानें ओळखला जातो. आणि चौथा मुराद (राज्यकाल १६२३-१६४०) यानें मद्य, तंबाखू व कॉफीगृहें यांवर अत्यंत कडक बंदी घातली, पण स्वतः मद्य सोडलें नाहीं. पुढें साम्राज्य कर्जबाजारी झालें, तेव्हां युरोपीय सावकारांचें देणें फेडण्यासाठीं १८८१ सालीं सार्वजनिक कर्जाची एक स्वतंत्र संस्था नेमण्यांत आली. तिच्याकडे जें उत्पन्न लावून देण्यांत आलें त्यांत मीठ, मुद्रांक, मासळी, रेशीम व तंबाखू यांबरोबर मद्यावरील करहि होता. त्याच सुमारास फिलोक्सेरा नांवाच्या सूक्ष्म किडीनें फ्रान्समधील द्राक्षबागा उजाड केल्या होत्या, आणि फ्रेंच व्यापारी उस्मानी मुलखांतून मद्य नेऊं लागले होते. ज्या पदार्थास धर्मानें हात लावूं नये त्यानें खलिफाचें देणें फेडावें, हा त्या काळचा एक विलक्षण योग होय.

आतां मद्य न पिणाऱ्यांचा वाटा सांगतों. किर्कलारेलीकडे ‘हार्दालिये’ नांवाचें एक पेय फार पूर्वींपासून करितात. ‘हार्दाल’ म्हणजे मोहरी. काळीं द्राक्षें ठेंचून पिंपांत त्यांचे थर लावितात. मधून मधून कुटलेली मोहरी आणि आंबट चेरीचीं पानें पसरतात, आणि कांहीं दिवसांनीं खालच्या तोटीनें रस काढून घेतात. मोहरीच्या तिखटपणापुढें मद्यार्क उत्पन्न करणाऱ्या सूक्ष्म जीवांचें फारसें चालत नाहीं. रस आंबतो, पण त्याचें मद्य होत नाहीं. लोणच्याच्या बरणींत मोहरी काय काम करिते हें ज्यांस ठाऊक आहे त्या आपल्या गृहिणींस हें निराळें समजावून सांगावयास नको. या पेयासाठीं पापाझकारासी हें विशेष पसंतीचें द्राक्ष. म्हणजे एकाच मळ्यांतील एकाच वेलीचे घोस ख्रिस्त्याच्या घरीं जाऊन मद्य होत आणि मुसलमानाच्या घरीं जाऊन हार्दालिये होत. दोन्ही घरांचे देव निराळे, पण द्राक्षतोडणीचा हंगाम एकच. शेजारधर्म म्हणतात तो बहुधा अशाच गोष्टींवर उभा असतो.

हा शेजार विसाव्या शतकांत मोडला. १९१२ च्या ऑक्टोबरांत बाल्कन युद्धाच्या आरंभींच बल्गेरियन सैन्यानें किर्ककिलिसेची लढाई जिंकून शहर घेतलें. पुढच्याच वर्षीं तुर्कांनीं तें परत मिळविलें. महायुद्धानंतर १९२० सालीं तेथें ग्रीक सैन्य आलें. १९२२ च्या ११ ऑक्टोबर रोजीं मुदान्या येथें तहकुबीचा करार झाला आणि पूर्व थ्रेस तुर्कांकडे जाणार असें ठरलें. त्याबरोबर तेथील ग्रीक लोकांनीं घरेंदारें सोडून पश्चिमेची वाट धरली. अर्नेस्ट हेमिंग्वे तेव्हां तरुण बातमीदार होता. त्यानें एदिर्नेच्या वाटेवर भर पावसांत चाललेल्या बैलगाड्यांची वीस मैल लांबीची रांग आपल्या वर्तमानपत्रास कळविली. त्या गाड्यांवर बायका, मुलें, गाद्या, कोंबड्या असें जें हातीं लागलें तें लादलेलें होतें. द्राक्षमळा मात्र गाडीवर लादतां येत नाहीं. पापाझकारासी हें उशिरां पिकणारें द्राक्ष; ऑक्टोबर हा त्याच्या तोडणीचा आणि रस पिंपांत आंबत असण्याचा महिना. इतिहासग्रंथांत तारखा असतात, हंगाम नसतो. पण त्या प्रजेच्या दृष्टीनें ती केवळ एक तारीख नव्हती, वर्षाच्या श्रमाचें फळ पदरीं पडण्याची ती वेळ होती.

१९२३ च्या ३० जानेवारीस लोझान येथें ग्रीस व तुर्कस्तान यांमध्यें प्रजेच्या अदलाबदलीचा करार झाला. आधींच पळून गेलेले धरून सुमारें बारा लक्ष ख्रिस्ती लोक ग्रीसमध्यें गेले, आणि ग्रीसमधून साडेतीन ते चार लक्ष मुसलमान तुर्कस्तानांत आले. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान एवढे या करारांतून वगळले होते. कोणीं कोठें राहावयाचें हें भाषेवरून ठरलें नाहीं, धर्मावरून ठरलें. त्यामुळें तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्यें परके ठरले आणि ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानांत. १९४७ सालीं पंजाबांत व बंगाल्यांत जें घडलें त्याच्या कथा ज्यांनीं घरांतील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील त्यांस याचा अर्थ सहज कळेल. आलेल्या माणसास सरकारी हुकुमानें जमीन मिळते. पण कोणती वेल केव्हां छाटावी, कोणत्या उतारावरील रस निराळा ठेवावा, हें ज्ञान हुकुमानें मिळत नाहीं. तें ज्ञान बैलगाड्यांबरोबर निघून गेलें.

मागें राहिलेल्या सरकारचें मद्याविषयींचें धोरणहि एकसारखें नव्हतें. १९२० सालीं अंकारा येथील राष्ट्रसभेनें दारूबंदीचा कायदा केला. १९२४ सालीं तो सोडून दिला, आणि १९२६ सालीं मद्याचा मक्ता सरकारनें आपल्याकडे घेतला. खासगी मद्यशाळाहि निघाल्या: मार्मारा समुद्राच्या कांठीं १९२६ सालीं ‘दोलुजा’ आणि अंकारा येथें १९२९ सालीं ‘कावाक्लिदेरे’. म्हणजे जो धंदा शतकानुशतकें इतरांच्या हातीं होता तो तुर्कांनीं नव्यानें शिकावयास घेतला. १९३० च्या डिसेंबरांत केमाल आतातुर्क किर्कलारेलीस आले असतां त्यांनीं हार्दालिये पिऊन हें राष्ट्रीय पेय व्हावें असा अभिप्राय दिला, असें तेथील लोक अभिमानानें सांगतात.

तथापि द्राक्षाचें भाग्य उघडलें नाहीं. तुर्कस्तानांत सुमारें चार लक्ष हेक्टर जमीन द्राक्षांखालीं असून या बाबतींत तो देश जगांतील पहिल्या पांच-सहांत गणला जातो. परंतु त्या पिकाचा अगदीं थोडा अंश मद्याकडे जातो. बाकीचें खाण्याच्या द्राक्षांत व बेदाण्यांत खर्च होतें. तेथील ‘सुल्तानिये’ हें बिनबियांचें द्राक्ष अमेरिकेंत ‘थॉम्पसन सीडलेस’ झालें आणि त्याच नांवानें आमच्या नाशिक-सांगलीकडील बागांत येऊन पोहोंचलें. तासगांवचा बेदाणा खाणारा मराठी माणूस नकळत तुर्की द्राक्षाचाच आस्वाद घेत असतो. सुल्तानियेस जग मिळालें. पापाझकारासीस आपला जिल्हाहि पुरता राखतां आला नाहीं. जे मद्यकार पुढें आले त्यांतील पुष्कळांनीं फ्रान्समधील काबेर्ने आणि मेर्लो या जाती लाविल्या, कारण ग्राहकास तींच नांवें ठाऊक होतीं.

असें असतां या उपेक्षित द्राक्षाचें कूळ मोठें आहे. वेलींच्या डीएनएची परीक्षा करून त्यांचे आईबाप ओळखण्याची विद्या गेल्या कांहीं दशकांत पुढें आली. तिनें असें दाखविलें कीं, सर्बियांतील ‘प्रोकुपाच’ हें पापाझकारासीच्या जन्मदात्यांपैकीं एक, आणि हंगेरींत शतकानुशतकें नांवाजलेल्या ‘कादार्का’ या काळ्या द्राक्षाच्या जन्मदात्यांपैकीं एक स्वतः पापाझकारासी. सुलतान, राजे आणि सेनापति ज्या सरहद्दींसाठीं लढले त्या ओलांडून हीं द्राक्षें आधींच एकमेकांचीं सोयरीं झालेलीं होतीं.

अलीकडे तुर्कस्तानांतील कांहीं लहान मद्यकार अशा देशी काळ्या द्राक्षांकडे वळले असून, त्यांपासून स्वाभाविक फेसाचें तांबडें मद्य करण्याचे प्रयोग त्यांनीं आरंभिले आहेत. ही रीत थोडक्यांत सांगतों. द्राक्षरसांतील साखर किण्वाच्या योगें आंबते, तेव्हां मद्यार्क आणि कर्बद्विप्राणिद वायु उत्पन्न होतात. हा वायु म्हणजे सोडावॉटरच्या बाटलींत असतो तोच. उघड्या पिंपांत तो उडून जातो. शांपेनच्या रीतींत पुरें आंबलेलें मद्य घेऊन त्यांत पुन्हां साखर व किण्व घालितात आणि बाटलींत दुसऱ्यांदा आंबवितात. साखर घालून मद्यास फेस आणण्याचें वर्णन इंग्लंडांत क्रिस्टोफर मेरेट यानें १६६२ सालीं रॉयल सोसायटीपुढें वाचलेल्या निबंधांत आढळतें. स्वाभाविक रीत याहून साधी व जुनी आहे. पहिलेंच आंबणें पुरें होण्यापूर्वीं, थोडी साखर शिल्लक असतांना, रस बाटलींत भरून बूच मारितात. उरलेली साखर बाटलींतच आंबते आणि वायु आंत कोंडून राहतो. वरून कांहीं घालावयाचें नाहीं. फक्त वेळ ओळखावयाची. एक-दोन दिवस घाई झाली तर बाटली फुटण्याचें भय, आणि उशीर झाला तर फेसच नाहीं.

तांबड्या मद्यास असा फेस क्वचितच मानवतो. तांबडा रंग द्राक्षाच्या सालींतून येतो आणि त्याबरोबर सालीचा तुरटपणाहि येतो. फेसानें तुरटपणा अधिकच बोंचतो. पापाझकारासीची साल मवाळ, रंग मध्यम आणि आंबटपणा चांगला; त्यामुळें ज्या गुणांस्तव तें गडद, भारदस्त मद्यांच्या पंक्तींत मागें पडलें तेच गुण येथें उपयोगी पडतात. असें मद्य थंड करून, बाटली न हालवितां ओततात, कारण किण्वाचा गाळ तळाशीं बसलेला असतो. पेल्यांत प्रथम गुलाबी फेस चढतो आणि लौकरच बसतो. रंग किंचित् गढूळ, माणकासारखा. जिभेवर आधीं आंबट चेरीची चव लागते; ज्यांनीं चेरी खाल्ली नसेल त्यांनीं पिकलेलें करवंद आठवावें. मग जांभळासारखा हलका तुरटपणा येतो, आणि शेवटीं ताज्या पावाच्या पिठाचा मंद वास. शांपेनच्या मानानें बुडबुडे मऊ असतात, कारण बाटलींतील दाब बराच कमी असतो. हें मद्य वर्षानुवर्षें जपून ठेवण्याचें नव्हे. त्यांत गेल्या हंगामाचा ताजेपणा असतो. अर्धवट आंबलेल्या रसाचा, म्हणजे ऑक्टोबर महिन्याचाच, स्वाद त्यांत कोंडलेला असतो.

यांत केवळ खवय्यांची हौस आहे असें कोणी समजूं नये. द्राक्षाची जात पुस्तकांत टिकत नाहीं. ती लावली आणि उपयोगांत आणली तरच टिकते. अंकाऱ्याजवळील ‘कालेजिक कारासी’ हें काळें द्राक्ष नष्ट होण्याच्या बेतांत असतां अंकारा विद्यापीठाच्या कृषिशास्त्रज्ञांनीं निवडक वेली वाढवून तें वांचविलें, आणि आज तें देशांतील नामांकित द्राक्षांत मोडतें. पापाझकारासीसहि असाच कोणी वाली हवा आहे. वाट सोपी नाहीं. २०१३ च्या कायद्यानें तुर्कस्तानांत मद्याची जाहिरात करण्यास बंदी झाली आणि रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत दुकानांतील विक्री थांबली. मद्याचे दुष्परिणाम रोखूं पाहणाऱ्या सरकारास दोष देण्याचें येथें प्रयोजन नाहीं. परंतु ज्या लहान शेतकऱ्याचें द्राक्ष कोणास ठाऊकच नाहीं त्यानें तें लोकांस कसें कळवावें, हा प्रश्न उरतोच. मोठ्या मद्यशाळेचें नांव लोकांच्या तोंडीं आधींच असतें. अडतो तो लहान माणूस. अशा स्थितींत फेसाळ मद्य आणि हार्दालिये हीं दोन्ही या वेलीचे आधारच म्हणावयाचे. एकांत आंबणें मध्येंच बाटलींत कोंडलें जातें, दुसऱ्यांत मोहरीनें वळविलें जातें; वेल मात्र दोघांसाठींहि राखावी लागते.

शेवटीं वनस्पतिशास्त्रांतील एक गोष्ट सांगून हा लेख पुरा करितों. द्राक्षाची लागण बियांपासून करीत नाहींत, कारण बियांपासून आलेली वेल मूळ जातीची राहत नाहीं. जुन्या वेलीची फांदी तोडून तीच नव्या जागीं लावितात किंवा दुसऱ्या खुंटावर कलम करितात. म्हणून किर्कलारेलीच्या उतारावरील आजची पापाझकारासी ही १९२२ पूर्वींच्या वेलीची संतति नव्हे. खरें पाहतां ती तीच वेल आहे. तिचा देह एका फांदींतून दुसऱ्या फांदींत असा अखंड चालत आला आहे. बैलगाड्या गेल्या, शहराचें नांव गेलें, चर्चेंहि गेलीं. ज्यांनीं ही वेल प्रथम लावली त्यांच्या हातची छाटणी अंगावर घेतलेली वेल मात्र तेथेंच आहे, आणि जो नवा शेतकरी हिवाळ्याच्या अखेरीस हातांत कात्री घेऊन तिच्यापुढें उभा राहतो तो, ठाऊक असो वा नसो, पाद्र्याचेंच अपुरें राहिलेलें काम पुढें चालवीत असतो.